लक्षणाचे दोष

'लक्षण' हा शब्द दोन घरी नांदतो. तर्कशास्त्रात लक्षण म्हणजे व्याख्या. वैद्यकात लक्षण म्हणजे रोगाची खूण. तर्कशास्त्राने लक्षणाचे दोष सांगितले आहेत, त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे. गाय म्हणजे शिंगे असणारा प्राणी म्हटले की म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबूस प्राणी म्हटले की पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. हे दोष जिवाशी गाठ घालतात, याचा प्रत्यय आम्हांस करोनाच्या साथीत आला.

ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी ही करोनाची लक्षणे खरीच. पण इन्फ्लुएन्झाचीही तीच. येथे म्हैस आत शिरते. उलट, नाक चोंदलेले नसताना अचानक वास जाणे ही खूण अधिक बोलकी. जून २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास आणि चव जाणे यांचा लक्षणांच्या यादीत समावेश केला. परंतु कित्येक रुग्णांचा वास कधी गेलाच नाही. २०२२ च्या ओमायक्रॉनच्या लाटेत तर ही खूण आणखी विरळ झाली. येथे पांढरी गाय बाहेर राहते.

म्हणून प्रयोगशाळेकडे जावे लागते. आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूचा आरएनए आधी डीएनएच्या रूपात उतरवून घेतात आणि त्याच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवितात. दर आवर्तनाला प्रती दुप्पट झाल्या, तर २० आवर्तनांत एकाच्या दहा लाखांहून अधिक होतात. रॅपिड अँटिजेन चाचणीत असे वाढविणे नाही. विषाणूचे प्रथिन थेट शोधले जाते. म्हणून ती अर्ध्या तासात उत्तर देते, आणि विषाणू थोडा असला की तो तिच्या हातून निसटतो.

एप्रिल २०२१ मध्ये आमच्या मातोश्रींना ताप आला. अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली आणि घरातल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. नातवंडे आजीच्या खोलीत जाण्यास अधीर झाली होती. डॉक्टर मात्र म्हणाले, "लक्षणे असताना या निगेटिव्हवर विसंबू नका. आरटी-पीसीआर होईपर्यंत आजींना वेगळेच ठेवा." दोन दिवसांनी तो अहवाल पॉझिटिव्ह आला. मुले दाराबाहेर राहिली, म्हणून वाचली, असे आम्ही मानतो.

निगेटिव्ह अहवाल रुग्णाविषयी नव्हे, नमुन्याविषयी बोलतो. नमुना नीट घेतला नसेल, फार लवकर घेतला असेल, किंवा रोग नाकातून फुप्फुसात उतरला असेल, तर आरटी-पीसीआरही निगेटिव्ह येऊ शकते. उलट, बरे झालेल्या माणसात विषाणूचे निर्जीव अवशेष काही आठवडे सापडत राहतात. तेव्हा पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग पसरविणारा, असेही म्हणता येत नाही. लक्षणे, संपर्क, आजाराचा दिवस आणि अहवाल ही चारही एकत्र वाचावी लागतात. संदर्भ तोडून एका ओळीचा अर्थ लावू नये हे साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतेच. येथे त्या सवयीवर शेजारच्या खोलीतल्या माणसाचा श्वास अवलंबून असतो.