काप उभा राहिला पाहिजे

पॉट रोस्ट ‘तोंडात विरघळला’ असं कुणी म्हटलं की मला आनंद होत नाही. विरघळणारंच खायचं तर आइस्क्रीम आहे की! माझी मागणी साधी आहे. ताटात काप उभा राहिला पाहिजे, त्याच्या कडा शाबूत पाहिजेत, आणि काट्याची बाजू नुसती टेकवली की तो तुटला पाहिजे. सुरी मागावी लागली तर रोस्ट कच्चा. पळीने वाढावा लागला तर तो रोस्टच नव्हे. या दोन्हींच्या मधली वेळ फार थोडी असते, आणि स्लो कुकरवर आल्यापासून ती मला सारखी चकवते आहे.

स्लो कुकरवर मी काही हौसेने आलेले नाही. दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी संधिवाताने ठाण मांडलं आणि बिडाचं जड भांडं रश्श्यासकट ओव्हनमधून वाकून बाहेर काढणं संपलं. इथे ओहायोत चर्चच्या पॉटलकला घरोघरचे क्रॉक पॉट येतात. हॉलच्या भिंतीलगत ते ओळीने मांडलेले असतात, एक्स्टेन्शनच्या वायरी एकमेकींत गुंतलेल्या. त्या ओळीकडे मी वर्षानुवर्षं नाक मुरडून बघत आले. आता माझाही त्याच ओळीत असतो. घरी पाहुणे असले की मात्र रोस्ट टेबलावर येतो तो अजूनही बिडाच्या भांड्यातून. भांडं नवरा उचलतो, झाकण मी काढते. कुकर तेव्हा कपाटात असतो.

नाक मुरडायची ती मुरडली, पण या यंत्राचं कूळ आळशी नाही. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सनने त्याचं पेटंट घेतलं ते 1940मध्ये. त्याची आई लिथुआनियातल्या विल्ना गावची. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ज्यूंच्या घरोघरची चोलंटची, म्हणजे मांस-बीन्सच्या रश्श्याची, भांडी तिथे बेकरीच्या भट्टीत जात आणि दुसऱ्या दिवशी, शब्बाथला, बाहेर येत. ती हकिगत ऐकून त्याने विजेवरचं भांडं केलं. पुढे 1970मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, आणि 1971मध्ये ‘क्रॉक पॉट’ या नावाने ते घराघरांत शिरलं.

ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात, पण तिच्यातला फरक कुणी बोलून दाखवत नाही. बेकरीची भट्टी रात्रभर निवत जाणारी होती. आच उतरत जायची, मांस मऊ व्हायचं आणि मग त्याच उतरत्या उबेत पडून राहायचं. आपला कुकर नेमका उलटा. तो तापत जातो आणि उकळीच्या अलीकडे, साधारण 209 फॅरनहाइटला, जाऊन बसतो. लो आणि हाय हे शेवटी दोन्ही तिथेच पोचतात. हाय लवकर पोचतो, लो उशिरा, इतकंच. ‘लो’वर ठेवलंय म्हणजे मंद आहे, ही आपली समजूत. एकदा तिथे पोचल्यावर तो सोडायला तयार नसतो. मांसाला दम खायला जागा अशी नाहीच. मऊ झाल्यावरही तेच, गळायला लागल्यावरही तेच.

म्हणून मी हल्ली रोस्ट पूर्ण व्हायच्या थोडं आधीच कुकर ‘वॉर्म’वर आणते आणि पुढचं त्या उबेवर होऊ देते. विल्नाच्या भट्टीची तेवढीच नक्कल. पण ‘थोडं आधी’ म्हणजे नक्की कधी? सगळं घोडं तिथेच अडतं.

कारण चक. खांद्याचा भाग म्हणजे एक तुकडा नव्हेच, ती स्नायूंची मोळी असते. एकाचे धागे उभे, दुसऱ्याचे आडवे, मध्ये चरबीची आणि पांढऱ्या पडद्याची शिवण. एक स्नायू तयार होतो तेव्हा शेजारचा अजून वातड असतो. बॉटम राउंडचं तसं नाही. धागे सरळ एका दिशेला, काप पुस्तकातल्या फोटोसारखे पडतात आणि खाताना घशात अडकतात, कारण वितळायला त्याच्यात काही नसतंच. देखणेपणासाठी मीही राउंडच्या नादी लागले होते. शेवटी चकशिवाय गत्यंतर नाही. त्यातला पडदा विरून सरस होतो तेव्हाच मांस ओलं लागतं, आणि ते काम आतली उष्णता 190-200 फॅरनहाइटच्या आसपास बराच वेळ टिकल्याशिवाय पुरं होत नाही.

त्याआधीचे मधले तास फसवे. तेव्हा मांस कच्चं नसतं आणि मऊही नसतं. उलट सगळ्यात चिवट तेव्हाच असतं. शेजारच्या मुलीचा फोन हमखास त्याच सुमारास येतो. ‘आँटी, वातड झालंय, जास्त शिजलं का?’ मी सांगते, कमी शिजलंय, झाकण ठेव आणि बाहेर फिरून ये. तिने तोवर तीनदा उघडून पाहिलेलं असतं. एकदा झाकण उचललं की वीस-तीस मिनिटांची कमाई वाफेबरोबर जाते. आणि पाणी घालू का म्हणून विचारते. कशाला? त्या झाकणाखालून काही उडून जात नाही, मांसच पेलाभर पाणी सोडतं. बायकांचे रस्से पांचट होतात ते यापायी. वाइनही आधी कढईत उकळून घ्यायची, नाहीतर तिचा उग्रपणा शेवटपर्यंत आतच कोंडलेला राहतो.

मग उघडल्याशिवाय कळायचं कसं? मी मांस दोऱ्याने चार ठिकाणी बांधते. सुरुवातीला दोरा मांसात रुतलेला असतो. वाफेने काच धुरकट झाली की झाकणावर बोटाने टिचकी मारायची. थेंब ओघळतात, क्षणभर आतलं दिसतं. दोरा सैल पडून वळी दिसायला लागली की मांस आकसलंय, म्हणजे अवघड तास सुरू आहे. त्यानंतर बऱ्याच वेळाने एकदाच झाकण उचलायचं आणि विणकामाची सुई जाड भागात खुपसायची. आत जाताना ती बहुतेक वेळा खोटं बोलते. बाहेर येताना खरं. सुई वर ओढल्यावर मांस तिच्याबरोबर उचललं गेलं तर अजून थांबायचं. मांस जागेवर राहिलं आणि सुई एकटी आली, तर वेळ तीच. तेवढ्यात ‘वॉर्म’. अर्धा तास उशीर केला की सुई लोण्यातून आल्यासारखी येते, पण काप गेलेला असतो.

आता मिसिसिपी रोस्टवाले म्हणतील, एवढं कशाला? त्यांचं बरं आहे. रँच मसाल्याचं एक पाकीट, ऑ ज्यू ग्रेव्हीचं एक पाकीट, लोण्याची अख्खी कांडी, चार पेपरोन्चिनी मिरच्या, आणि सगळ्याचा लगदा बनमध्ये भरून मोकळे. पॉटलकला त्या डब्यापुढे रांग लागते आणि माझ्या कापांकडे लोक आदराने बघून पुढे जातात. मला राग येतो, हे लपवत नाही. सूनबाईचा इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा प्रेशर कुकर, त्याहून त्रास देतो, कारण तिचा रोस्ट तासाभरात खरोखरच मऊ होतो. मऊ होतो पण पिळून काढल्यासारखा. रस सगळा खाली, धागे कोरडे. हे मी तिच्यासमोर बोलत नाही. ‘छान झालंय गं’ म्हणते आणि ग्रेव्ही जास्त वाढून घेते.

कापाचा हा हट्ट मूळचा वसईचा. नाताळात आई रोस्ट करायची: आलं-लसूण, मिरं, व्हिनेगर, दालचिनी लावून अख्खा तुकडा भांड्यात, वर झाकणात पाणी. शिजल्यावर तो रात्रभर तसाच. सकाळी पातळ पातळ काप आणि मग तव्यावर एकेक परतलेले. 2015च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलाचं मांस बंद झालं, उरलं म्हशीचं, आणि बहीण सांगते की ते जास्त वेळ घेतं, पण काप सुरेख पडतात. कच्ची पपई चोळायचा सल्ला तिलाही मिळतो. पपई वरवरचंच खाते, आतला पडदा तसाच राहतो.

आईची ती रात्र मी उशिरा उचलली. शनिवारी शिजवायचं, उथळ भांड्यात काढून त्याच्याच रसात निववायचं, लगेच फ्रिजमध्ये. सकाळी रस थिजलेला, वर चरबीचा पांढरा थर, तो अलगद निघतो. थंड मांसावर सुरी लावली की शिवणी वेगळ्या करता येतात आणि प्रत्येक स्नायू त्याच्या धाग्यांना आडवा कापता येतो. मग काप गरम ग्रेव्हीत फक्त ऊब येईपर्यंत. उभे राहतात, काट्याने तुटतात.

तोटा एकच. आदल्या दिवशी शिजवलेल्या रोस्टचा रविवारी घरात वास नसतो. पाहुणे दारातच नाक वर करून आत येतात, त्यांना तो हवा असतो. म्हणून गाड्या लागायच्या सुमाराला मी बिडाच्या तव्यात थोडी चरबी टाकून दोन कांदे चांगले लाल करून घेते. ‘सकाळपासून शिजतंय वाटतं!’ असं कुणीतरी म्हणतंच. मी हो म्हणते.