काझीच्या नजरेतून नंदुरबार

इ.स. १३२६ मध्ये मोरोक्कोतील तांजियरचा एक तरुण इजिप्तमध्ये पोहोचला. अलेक्झांड्रियात बुर्हानुद्दीन नावाच्या सत्पुरुषाने त्याला हिंदुस्थान, सिंध आणि चीनमधील आपल्या बांधवांना भेटण्यास सांगितले. पुढे कैरोच्या गर्दीने तो दिपून गेला. उंटांवरून पाणी वाहणारे बारा हजार भिस्ती, खेचरे-गाढवे भाड्याने देणारे तीस हजार लोक, नाईलवर छत्तीस हजार नावा! आकडे ऐकीव आहेत. ते मोजणीपेक्षा त्याचा विस्मय सांगतात. हा तरुण म्हणजे इब्न बतूता.

पुढे तोच मनुष्य नंदुरबारात आला. आता तो दिल्लीत काझीपद भूषवलेला, मुहम्मद तुघलकाचा राजदूत होता. १३४२ मध्ये चीनच्या बादशहासाठी नजराणे घेऊन तो दिल्लीहून निघाला आणि दौलताबादेहून खंबायतकडे जाताना वाटेत नंदुरबार लागले.

त्याच्या प्रवासवृत्तात या गावाच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत, पण त्या मोलाच्या आहेत. गाव लहान, वस्ती मराठ्यांची. हे लोक कारागिरीत निपुण. त्यांच्यात वैद्य आहेत, ज्योतिषी आहेत. त्यांच्यातील प्रतिष्ठित ते ब्राह्मण आणि क्षत्रिय. आहार भात, भाजी आणि तिळाचे तेल. प्राण्यांना पीडा देणे त्यांना रुचत नाही. सात पिढ्यांचे अंतर असल्याखेरीज ते नात्यात विवाह करीत नाहीत. मद्याला शिवत नाहीत. जेवणापूर्वी ते जे स्नान करतात, त्याची तुलना तो इस्लामी शास्त्रातील अशुचितेनंतरच्या स्नानाशी करतो.

येथे थोडे थांबले पाहिजे. परधर्माचे हे वर्णन आहे, पण त्यात एकाही देवळाचे वा दैवताचे नाव नाही. आहार, शुद्धी, विवाह, मद्य ही तर धर्मशास्त्र शिकलेल्या काझीची प्रकरणे! त्याने नंदुरबारला आपल्या विद्येचेच प्रश्न विचारले. गंमत अशी, की त्यामुळेच तो निंदेकडे वळला नाही. शेजारच्या घरातही स्नानाचे नियम आहेत, हे त्याला चटकन ओळखता आले.

मात्र उत्तरे कोणी दिली? ‘सात पिढ्या’ हा सापिंड्याचा ग्रांथिक नियम झाला. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह रूढ होता. भात-भाजीचा आहारही साऱ्या खानदेशाचा असणे कठीण. म्हणजे माहिती देणारा बहुधा वरच्या वर्णाचा असावा, आणि पाहुण्याने त्याचा आचार सर्वांचा मानला.

सातपुडा तर या ओळींत नाहीच. आज नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची यांच्या याहामोगीला, अस्तंब्याच्या यात्रेला, काठीच्या होळीला या वृत्तांतात जागा नाही. आदिवासींच्या धर्माविषयीचे हे मौन पुढच्या कित्येक दरबारी बखरींत आणि तवारिखांतही कायम राहिले. इब्न बतूता निदान वाटसरू तरी होता.

हा सारा मजकूर त्याने मायदेशी परतल्यावर फेज शहरात इब्न जुझय्य याला सांगून लिहवून घेतला. ग्रंथ १३५५ मध्ये पूर्ण झाला. नंदुरबार पाहून तेव्हा बारा-तेरा वर्षे लोटली होती. तरी तिळाचे तेल त्याच्या ध्यानात होते. पुढच्या पानांवर तो खंबायतला पोहोचतो आणि परदेशी व्यापाऱ्यांनी बांधलेल्या तिथल्या घरांच्या नि मशिदींच्या वर्णनात रमून जातो.