शेलूचा भाव

बँकेच्या पॅनेलवरच्या मूल्यांकनकाराचं काम ठाण्या-डोंबिवलीत बाजारानेच निम्मं करून ठेवलेलं असतं. एकेका रस्त्यावर वर्षभरात इतके फ्लॅट हात बदलतात की इंडेक्स टूच्या, म्हणजे नोंदणीकृत विक्रीच्या, चार नोंदी काढल्या की भावाचा अंदाज येतो. मग मजला, इमारतीचं वय, पार्किंग यांची बेरीज-वजाबाकी करायची आणि अहवालावर सही करायची. कर्जत लाइनवरच्या शेलूला हे जमत नाही. आधीचं स्टेशन वांगणी ठाणे जिल्ह्यात, शेलू रायगडात. पुढचं स्टेशन नेरळ. कारभार ग्रामपंचायतीचा आणि जाहिरात ‘मुंबईच्या नव्या उपनगराची’. इथे कोणी फ्लॅट घ्यायला निघाला की मला हमखास विचारतो, “साहेब, इथला भाव काय चाललाय?” आणि या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणं अवघड असतं.

अशा लहान जागी नोंदी मुळात कमी, आणि ज्या सापडतात त्यांतल्या बहुतेक बिल्डरने पहिल्यांदा विकलेल्या फ्लॅटच्या. ती किंमत बिल्डरने ठरवलेली असते. शिवाय ‘स्टॅम्प ड्युटी माफ’, ‘मॉड्युलर किचन फुकट’ असल्या सवलती त्याच आकड्यात दडलेल्या असतात, त्यामुळे करारातली रक्कम म्हणजे फ्लॅटची खरी किंमत असं धरता येत नाही. रेडी रेकनरचा आधार घ्यावा, तर तो सरकारने मुद्रांक शुल्कासाठी आखलेला दर. कराराची रक्कम त्याहून कमी असली तरी शुल्क रेकनरच्याच दराने भरावं लागतं. म्हणून मी नोंदींचे आधी दोन ढीग करतो: पहिली विक्री आणि फेरविक्री. फेरविक्रीच्या ढिगातून नात्यातले व्यवहार बाजूला काढतो, कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली झालेला बँकेचा लिलाव वेगळा धरतो. मग कधी तीन कागद उरतात, कधी एकच. पण एका सामान्य मालकाने दुसऱ्या सामान्य माणसाला विकलेल्या फ्लॅटचा तो एक कागद मला बिल्डरच्या अख्ख्या दरपत्रकापेक्षा मोलाचा वाटतो. सरासरी काढायच्या फंदात मी पडत नाही. तीन आकड्यांची सरासरी अहवालात छान दिसते, एवढाच तिचा उपयोग.

गुंतवणूकदाराचा आवडता युक्तिवाद असा, की गाव लहान आहे, आत्ता घेऊन ठेवू, पुढे मिळणार नाही. पण लहान असण्यातही फरक असतो. दादरची हिंदू कॉलनीही लहानच, मोजक्या गल्ल्या. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली, तिच्यातली ही वसाहत. तिच्या चारही बाजूंना शहर आहे. तिथे जमीन वाढत नाही, वाढले तर मजले वाढतात, आणि आत शिरू पाहणाऱ्यांची रांग कायम असते. शेलूच्या भोवती शेतं आहेत. आज तुम्ही घेतलेल्या इमारतीपलीकडचं भातखाचर उद्या बिनशेती होऊ शकतं, परवा त्यावर नवी, लिफ्टवाली, चकचकीत इमारत उभी राहू शकते. तुम्ही सात वर्षांनी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक तुमचा ओल आलेला फ्लॅट बघेल, मग समोरचा सॅम्पल फ्लॅट बघेल, आणि तिथे बिल्डर टोकनवर बुकिंग घेऊन कर्जही जुळवून देत असेल. म्हणून मी भावाआधी दुसराच प्रश्न विचारतो: हा फ्लॅट तुमच्याकडून घेणार कोण?

जाहिराती त्याचं उत्तर नकाशावर देतात. नवी मुंबई विमानतळ ‘अगदी जवळ’. नकाशावर सरळ रेघ मारली तर आहेच, पण त्या रेघेच्या मधे माथेरानचा डोंगर उभा आहे. वडोदऱ्याहून जेएनपीए बंदराकडे जाणाऱ्या महामार्गाचा बोगदा बदलापूरच्या बाजूला. पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग, सुमारे तीस किलोमीटरचा, तो चौकवरून कर्जतला जातो. शेलू त्यावर नाही. यातल्या प्रत्येक प्रकल्पाने कोणाचं ना कोणाचं भलं होईल. शेलूच्या वाट्याला त्यातलं काय येतं ते तपासायला एक साधन पुरेसं आहे: लोकलचं वेळापत्रक. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर इथे बऱ्याच गाड्या संपतात. पुढे येतात त्या फक्त कर्जत आणि खोपोलीच्या. रात्री उशिरा सीएसएमटीहून निघणाऱ्या माणसाची एक गाडी हुकली की पुढचीला किती वेळ, हे बघा. भाडेकरू हेच बघतो.

जागेवर मी दोनदा जातो, आणि त्यातली एक फेरी रात्री नऊनंतरची. किती खिडक्यांत दिवा आहे ते खाली उभं राहून मोजायचं. मग जिन्याखालच्या मीटरच्या पॅनेलकडे जायचं: किती मीटर बसलेले, किती काढून नेलेले, किती हलतच नाहीत. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी असेल तर उत्तमच. त्यातली निम्मी नावं बाहेरगावच्या मालकांची असली, तर ही इमारत राहण्यासाठी नाही, ठेवून देण्यासाठी विकली गेली हे कळतं. वॉचमन सहसा खरं बोलत नाही, त्याला एजंटाकडून चहापाणी असतं. दूधवाला बोलतो. कोणत्या इमारतीत सकाळी किती पिशव्या पडतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं, आणि खोटं सांगून त्याला काही मिळायचंही नसतं. पिठाची गिरणी आणि शाळेची व्हॅन चालवणारा हे माझे पुढचे साक्षीदार. नवी बिऱ्हाडं येतायत की आहेत तीच हलतायत, ते या तिघांच्या बोलण्यातून समजतं.

दुसरी फेरी ऋतू पाहून. मे महिन्यात गेलो तर टँकर कोणत्या इमारतीपुढे थांबतो ते बघायचं, जुलैत गेलो तर पाणी कुठवर चढतं ते. उल्हास नदी या पट्ट्यातून वाहते. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं होतं, हे अजून कोणी विसरलेलं नाही. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशा मागवाच, आणि त्याच्या जोडीला जुन्या शेतकऱ्याला विचारा: “काका, २००५च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं?” ते हाताने दाखवतात.

कागदांचं सगळंच सांगत बसत नाही, वकील आहेत त्यासाठी. मला त्यात एकच गोष्ट बघायची असते: पुढच्या गिऱ्हाइकाला बँक कर्ज देईल का? बिनशेती आदेश नाही, सक्षम प्राधिकरणाचा मंजूर नकाशा नाही, नुसत्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बांधलेली इमारत असेल, तर बँका हात आखडतात. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तरी तीच अडचण. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत सदनिकांच्या इमारतीला महारेराची नोंदणी सक्तीची नाही, आणि लहान गावात नेमक्या अशाच इमारती फार. कर्ज मिळत नसेल तर तुमचं गिऱ्हाईक फक्त रोखीवाला, आणि रोखीवाला घासाघीस करतो. सामाईक सात-बाऱ्यावर ‘फार्महाऊस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गुंठ्यांबद्दल तर मी बोलतसुद्धा नाही.

आता हिशेब. समजा, सगळा खर्च धरून वन बीएचके बावीस लाखांना पडला आणि भाडं महिना पाच हजार आलं. वर्षाचे साठ हजार. मेंटेनन्स, घरपट्टी, मधे रिकामा गेलेला एखादा महिना, रंग आणि एजंटाची दलाली गेली की हातात चाळीस-बेचाळीस हजार. म्हणजे दोन टक्क्यांच्याही आत. सात टक्के हवे असतील तर उरलेले पाच टक्के भाववाढीतून यायला हवेत, दरवर्षी, न चुकता. तसं झालं तर दहा वर्षांनी हा फ्लॅट छत्तीस लाखांना जायला हवा. दहा वर्षं जुना फ्लॅट, समोर नवी इमारत. छत्तीस लाख देणारा माणूस तुमच्या डोळ्यांपुढे उभा राहतो का?

एक दाखला ताजा आहे. सरकारने गिरणी कामगारांसाठी शेलू-वांगणीत घरं देऊ केली तेव्हा त्यांच्या संघटनांनी त्याविरुद्ध आंदोलन केलं. आम्हाला घर मुंबईतच हवं, ही त्यांची मागणी. त्यात हक्काचा आणि इतिहासाचा भाग मोठा आहे, ते मी जाणतो. पण मूल्यांकनकार म्हणून मला त्यात हेही दिसतं, की घराची नितांत गरज असलेली माणसंसुद्धा हे अंतर मोजतात.

तेव्हा माझं मत असं: अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत नोकरी असेल, कागद स्वच्छ असतील आणि स्वतः राहणार असाल, तर शेलूत घर जरूर घ्या. हवा चांगली आहे, हप्ता परवडतो. गुंतवणूक म्हणून विचाराल, तर आजच्या घडीला नको. त्याच पैशांत बदलापुरात भोगवटा प्रमाणपत्र असलेला, जुना, फेरविक्रीचा वन आरके शोधा. आणि तरीही शेलूवरच मन बसलं असेल, तर टोकन देण्याआधी एजंटाकडे त्याच इमारतीतल्या दोन फेरविक्रींचे इंडेक्स टू मागा. ते मिळेपर्यंत चेकवर सही करू नका.