खंडेनवमीचे तेल

आमच्या विरारच्या घरी दर खंडेनवमीस पाटावर जी आयुधे मांडली जातात, त्यांत विळी, कोयता, पटाशी, आमची दोन झरण्या आणि सौभाग्यवतींचे शिवणयंत्र ही नेहमीची मंडळी असतातच. पण त्या सर्वांच्या मधोमध, लग्नातल्या मानकऱ्यासारखे, ओतीव लोखंडाचे व पितळेचे एक वीतभर यंत्र आजवर बसत आले. पाहुण्यांपैकी कोणी त्याला कॉफी दळण्याचे यंत्र म्हणत, कोणी पेन्सिलीला टोक काढण्याचे. वस्तुतः ते आमच्या आजोबांचे काडतुसे भरण्याचे यंत्र होय.

आजोबांपाशी परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. (एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक जिच्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची, तीस वर्षे इंग्रजी काव्य शिकविताना हे ज्ञान आमच्या एकदाही उपयोगी पडले नाही.) शेत पूर्वेस डोंगराच्या पायथ्याशी. भात पिकू लागले की रात्री रानडुकरे उतरत आणि खातील त्याहून अधिक तुडवीत. तयार काडतुसे महाग, म्हणून उडविलेल्या काडतुसांची कागदी नळकांडी जपून ठेवून आजोबा ती पुन्हा भरीत. बुडाच्या पितळेत नवी टोपी, तीवर दारू, मग नमद्याची चकती, मग छरे, छऱ्यांवर पुठ्ठ्याची पातळ चकती. आणि शेवटी नळकांड्याची कड आत वळवून तोंड बंद करावयाचे. हे शेवटचे काम या यंत्राचे. एका हाताने दांडी फिरवावयाची, दुसऱ्याने दट्ट्या रेटावयाचा, की कागदाची कड करंजीच्या मुरडीसारखी आत वळत येई. तोंड सैल राहिले तर छरे सांडत. म्हणून दट्ट्या नळीत सरळ व हलका सरकला पाहिजे, यातच या यंत्राचे सारे सार.

आजोबा गेले त्याच वर्षी तीर्थरूपांनी बंदूक सरकारजमा केली. पुढे शिकारीचा तो जमानाही राहिला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती बंदच केली. यंत्र मात्र घरात राहिले, आणि वर्षातून एकदा हळदकुंकू, झेंडूचे फूल व तेलाचे चार थेंब यांचे धनी झाले. तीर्थरूपांमागे ते थेंब घालण्याचा मान आमच्याकडे आला.

यंदाच्या पावसाळ्यात आमचा पुतण्या मुक्कामास आला असता त्याने सहज दांडीला हात घातला. ती हलेना. “काका, हे जाम झालंय,” असे म्हणून तो हातोडी शोधू लागला, तेव्हा आम्ही त्यास आवरले. आमचे निदान तयार होते: पश्चिमेस अर्नाळ्याचा समुद्र, खारी हवा, चार महिने पाऊस, गंजाखेरीज दुसरे काय असणार? मुलगा अभियांत्रिकीचा. त्याने विजेरी लावून नळीत पाहिले आणि म्हणाला, “गंज नाहीच. हे तेल आहे.”

आणि ते तेलच होते. घरात हाताशी येईल ते तेल आम्ही घालीत आलो होतो. एका वर्षी समईतले तिळाचे, एका वर्षी स्वयंपाकाचे, एका वर्षी खोबरेल. जवसाचे तेल हवेने सुकून कातड्यासारखे होते म्हणून चित्रकार ते रंगात घालतात, हे आम्ही वर्गात सांगितलेलेही आहे. पण तिळाचे व शेंगदाण्याचे तेलही त्याच वाटेने, मात्र पुष्कळ सावकाश जाते, हे ध्यानी आले नाही. खोबरेल त्या मानाने सुकत नाही. परंतु ते खवट होऊन पितळेला कळकविते, आणि थंडीत थिजते ते निराळेच. या सर्वांत हळदकुंकू आणि धूळ कालवली गेली आणि दट्ट्याभोवती राळेसारखा चिवट थर बसला.

शुद्धिकार्य दोन रविवार चालले. जुन्या दारूचे कण कोठे अडकले असतील या भयाने आधी सर्व काही अंगणात नेऊन ओल्या फडक्याने पुसले. पाण्यात सोरा विरघळला म्हणजे काळ्या दारूचे तेज जाते. मग खोलगट परातीत रॉकेल घालून यंत्र रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी दट्ट्या सुपारीएवढा सरकला. दात घासण्याचा जुना ब्रश आणि बांबूची काडी यांवाचून दुसरे हत्यार वापरू दिले नाही; पितळेवर पोलाद चालविले की ओरखडा कायमचा. पुतण्याने डब्यातून फवारण्याचे औषध आणले होते. त्याने चिकटा सुटतो खरा, पण ते उडून जाते व मागे वंगण म्हणावे असे फारसे उरत नाही. म्हणून सर्व कोरडे करून शेवटी शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब दिला, आणि उरलेले पुसून घेतले.

थर निघत असता एक गोष्ट दिसली. वरचा पिवळा चिकटा आमचा, खालचा तपकिरी तीर्थरूपांचा. पण सर्वांच्या तळाशी, दांडीच्या बैठकीत, बोटाला लागले न लागले असे एक काळसर तेल अजून ओलसर होते. ते आजोबांचे. ज्याला यंत्र रोज वापरावयाचे होते, त्याने पूजेचे तेल त्यात घातले नव्हते.

आम्ही हे मोठ्या कौतुकाने घरात सांगितले. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, पण मामंजींना ते कळत नव्हतं असं कशावरून? त्यांना ते बंदच पडायला हवं असेल.” आम्ही निरुत्तर झालो. तीर्थरूपांनी दांडी फिरविलेली आम्ही कधीच पाहिली नव्हती. लहानपणी त्यांना कंदील धरून आजोबांबरोबर शेतावर जावे लागे, आणि त्या रात्रींविषयी ते एक अक्षर बोलत नसत. आमचे शिवणयंत्र मात्र ते स्वतः साफ करीत, आणि त्याला नेमके त्याचेच तेल घालीत. इतक्या वर्षांत ही विसंगती आम्हांस दिसली नाही.

दांडी आता एका बोटाने फिरू लागली. त्या आनंदात आम्ही यंत्र एका वकीलमित्रास दाखविले. त्याने ते दोनदा फिरविले, चष्मा पुसला आणि विचारले, “प्राध्यापकमहाशय, याचा परवाना?” आम्ही हसलो, तो हसला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याची जी व्याख्या आहे, तीत दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते, हे त्याने आम्हांस मूळ कलम काढून वाचून दाखविले. म्हणजे पन्नास वर्षे आम्ही ज्याला फूल वाहत होतो ते कायद्याच्या दृष्टीने दारूगोळा होते! जाम असताना निदान शोभेची वस्तू म्हणता आले असते, असे आम्ही पुटपुटलो. “म्हणता आलं असतं,” तो म्हणाला, “पण आता तुम्ही ते चालू केलं आहे.”

ताबा कायदेशीर नसलेली वस्तू जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करण्याची तरतूद त्याच अधिनियमात आहे. वकीलमित्राने अर्ज लिहून दिला. हवालदारसाहेबांनी यंत्र टेबलावर ठेवून दांडी फिरविली, दट्ट्या मागेपुढे केला आणि आपल्या सोबत्यास हाक मारली, “बघ रे, काय गुळगुळीत चालतंय!” मग आम्हांकडे वळून, “सर, तेल कुठलं घातलंत?” आम्ही सांगितले. पावतीवर त्यांनी लिहिले : जुने यंत्र, नग एक, चालू स्थितीत.

घरी आलो तो तेलाची कुपी अंगणाच्या पायरीवरच राहिली होती. ती उचलून शिवणयंत्राच्या खणात ठेवली.