परळपर्यंतची वाट

परवा नातीने हट्ट धरला म्हणून गिरगावातल्या ऑपेरा हाऊसला गाण्याच्या कार्यक्रमाला गेलो. आत शिरताच दोघांच्याही माना वर गेल्या. घुमट, झुंबरे, सोनेरी नक्षी, सारे कसे लख्ख! १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाने उद्घाटन केले ते नाटकगृह जणू कालच बांधून झाले होते.

माझी मात्र त्याच्याशी ओळख पटेना. माझे ऑपेरा हाऊस म्हणजे सिनेमाचे थिएटर. १९३५ साली ते सिनेमाकडे गेले, १९५२ साली गोंडलच्या महाराजांनी घेतले आणि १९९३ साली बंद पडले. सिनेमाच्या दिवसांत बाजूचे बॉक्स काढून टाकले होते. आभा नारायण लांबा यांनी जीर्णोद्धारात ते पुन्हा उभारले आणि २०१६ साली रंगमंच उजळला.

"आजोबा, तुम्ही त्या बॉक्समध्ये बसायचात?" नातीने विचारले.

"नाही ग. आम्ही येत होतो तेव्हा ते नव्हतेच."

बोलता बोलता जरा वाईट वाटले. बादशहाचे दिवस परत आले. आमची अठ्ठावन्न वर्षे मात्र कुठल्याच भिंतीवर दिसेनात. आणि या इमारतीत तिकीट काढून बसलेली आमच्या घरातली माणसे त्याच वर्षांतली!

मग मी तिला वडिलांची गोष्ट सांगितली. इथे सिनेमे चालत त्याच काळात पृथ्वीराज कपूरांची नाटकेही होत. वडिलांनी 'पठाण' पाहिले ते इथेच. खेळ संपला की पृथ्वीराज स्वतः दाराशी झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत. वडिलांनी ट्रामचे पैसे त्या झोळीत टाकले आणि परळपर्यंत पायी आले. ही हकिकत ते इतक्यांदा सांगत की आई म्हणे, "दर वेळी वाट थोडी लांबतेच आहे!"

कार्यक्रम संपला. दाराशी माझा हात उगाचच खिशात गेला. नातीने ते पाहिले असावे.

"आजोबा, आपणही परळपर्यंत चालत जाऊया?"

निघालो. चर्नी रोड स्टेशनाशी पोचेपर्यंतच माझे गुडघे बोलू लागले. परळ अजून कितीतरी दूर होते. गाडीची वाट पाहत बाकावर बसलो तेव्हा मनात आले, आईने वडिलांची उगाच थट्टा केली. वाट खरोखरच लांब होती.