पत्ता वेगळा, पान एकच

सेमाफोर म्हणजे शेवटी एक आकडा. तो शून्याहून मोठा असेल तर एकने कमी करून पुढे जायचं, शून्य असेल तर थांबायचं. काम उरकलं की कोणीतरी तो एकने वाढवायचा. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेली ही कल्पना. एकाच प्रोसेसमधल्या थ्रेड्सना ती सहज वापरता येते, कारण त्यांची मेमरी एकच असते. हाच आकडा दोन स्वतंत्र प्रोसेसेसमध्ये वाटायचा म्हटलं, की माझा जीव त्यात खरा रमू लागतो.

सेमाफोर मांडणाऱ्या पॉझिक्सच्या सेम_इनिट या फंक्शनला पीशेअर्ड नावाचं एक मूल्य द्यावं लागतं. तिथे शून्याऐवजी एक लिहिला की सेमाफोर सामायिक झाला, असं नवख्यांना हमखास वाटतं. तसं होत नाही. साध्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये सेमाफोर ठेवून फोर्क केला, की मेमरीच्या त्या पानावर कोणी पहिल्यांदा लिहिताच दोघांच्या प्रती वेगळ्या होतात. चाइल्ड आपल्या प्रतीतला आकडा वाढवते आणि पेरेंट आपल्या शून्यापाशी झोपून राहते. एररही येत नाही, क्रॅशही होत नाही. सामायिक मेमरी आपणच, बहुधा एममॅप करून, आणायची आणि सेमाफोर त्या पानावर मांडायचा, याला पर्याय नाही.

मग पीशेअर्डमधल्या त्या एकाचं काम काय? लिनक्समध्ये सेमाफोरच्या खाली फ्युटेक्स ही कर्नलची झोपवण्या-उठवण्याची सोय असते. आकडा शिल्लक असेल तर कर्नलला विचारावंही लागत नाही, एका अॅटॉमिक क्रियेत काम होतं. थांबायची किंवा थांबलेल्याला उठवायची वेळ आली तरच सिस्टिम कॉल. पण तेच पान एका प्रोसेसला एका पत्त्यावर दिसतं, दुसरीला भलत्याच. नुसत्या पत्त्यावरून शोधलं तर झोपलेली प्रोसेस सापडायचीच नाही. म्हणून कर्नल पत्ता बाजूला ठेवतो आणि पानामागची फाइल व तिच्यातली नेमकी जागा यांवरून झोपलेल्यांची रांग ओळखतो. एकाच प्रोसेसपुरता मामला असेल तर पत्ता पुरतो, आणि शोध स्वस्तात होतो. यांपैकी कोणती ओळख वापरायची, ते पीशेअर्ड सांगतो. इतकी नेटकी रचना मला या क्षेत्रात फार थोड्या ठिकाणी दिसली आहे.

लिनक्सच्या जुन्या थ्रेड लायब्ररीत, लिनक्सथ्रेड्समध्ये, प्रोसेसेसमध्ये सेमाफोर वाटायची ही सोयच नव्हती. २००३मध्ये उलरिख ड्रेपर आणि इंगो मोलनार यांची नवी लायब्ररी एनपीटीएल आली, तेव्हा ती मिळाली. मॅकओएसवर सेम_इनिट चालत नाही, तिथे सेम_ओपनने नाव दिलेला सेमाफोर घ्यावा लागतो. लिनक्सवर असा नावाचा सेमाफोर म्हणजे डेव्ह-एसएचएममधली एक चिमुकली फाइल.

मला जास्त काळजी वाटते ती मरणाऱ्या प्रोसेसची. आकड्याला मालक नसतो. कमी करणारी एक, वाढवणारी दुसरी, हे सेमाफोरला चालतं आणि तेच त्याचं बळ आहे. पण आकडा कमी करून एखादी प्रोसेस किलने गेली, तर तो कमी झालेला एक परत येत नाही. जुन्या सिस्टिम फाइव्ह सेमाफोरमध्ये निदान सेम_अनडू होतं, पॉझिक्सने ते घेतलं नाही. त्यामुळे प्रोसेसेसमध्ये कुलूप हवं असेल तिथे मी सेमाफोर वापरत नाही, रोबस्ट म्युटेक्स वापरते. मालक मेला की पुढच्याला ईओनरडेड मिळतो, मग डेटा तपासून, सावरून पुढे जाता येतं. बफरमधल्या मोकळ्या जागा मोजायला मात्र सेमाफोरच. तिथे देखरेख करणारी प्रोसेस कोणी मेल्याचं कळताच बाकीच्यांना थांबवते, जागा पुन्हा मोजते आणि त्या आकड्यावर नवा सेमाफोर मांडते.