थो खात नाई, इचारते

त्याला स्वतःचं घर नाही. स्मशानातलं शिंशपेचं झाड, त्याची एक फांदी आणि तिला उलटं लोंबणारं मढं, एवढाच त्याचा संसार. मढंही परक्याचं. त्यात तो राहायला आलेला.

वाशिमकडच्या किन्हीराजात आमच्या ओसरीवर वेताळ पहिल्यांदा आला तो ‘चांदोबा’च्या अंकातून. मालेगावहून येणाऱ्या एसटीनं कुणीतरी आणलेला, कोपरे दुमडलेला अंक. त्यात शंकर यांनी काढलेलं चित्र : राजाच्या हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत. किन्ही म्हणजे किन्हई, शिरसाच्या कुळातलं झाड. म्हणजे झाड आणि राजा दोघंही आमच्या गावाच्या नावातच आहेत, तेव्हा तिसरा इथंच कुठंतरी लोंबत असणार, असा माझा हिशेब. दिवेलागणीनंतर गोठ्याकडे जायचं नाव मी घेत नसे. आजीनं ते ओळखलं. म्हणाली, “भेतं काऊन रे बापू? थो खात नाई, इचारते.”

पुढे कथासरित्सागर वाचलं तेव्हा आजीचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. सोमदेवानं ते अकराव्या शतकात काश्मिरात रचलं, पण त्यातला राजा त्रिविक्रमसेन गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. वेताळ त्याच्या मानगुटीवर बसतो आणि वाट सरावी म्हणून गोष्ट सांगतो. गोष्टीच्या शेवटी कोडं. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मौन मोडलं, मी चाललो फांदीवर. राजा दर वेळी बोलतो आणि दर वेळी माघारी जातो. शेवटच्या कोड्यात बापानं एका मुलीशी आणि त्याच्या मुलानं तिच्या आईशी लग्न केलेलं असतं. त्यांच्या लेकरांचं एकमेकांशी नातं काय? राजाला उत्तर सुचत नाही, तो मुकाट चालत राहतो. वेताळ त्याच्यावर प्रसन्न होतो आणि सांगतो : ज्या साधूसाठी तू मला वाहून नेतोयस तो तुझाच बळी देणार आहे, तो दंडवत घाल म्हणेल, तेव्हा कसा घालायचा ते आधी त्यालाच करून दाखवायला सांग.

भगव्यातला माणूस मारायला निघालेला आणि मढ्यातला जीव वाचवायला. हे वळण मला आजही अंगावर काटा आणतं.

1870 साली रिचर्ड बर्टननं या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि वेताळाला ‘व्हँपायर’ हे नाव देऊन पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बसवलं. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ त्यानंतर 27 वर्षांनी, 1897 मध्ये आला. तेव्हापासून या दोघांची गल्लत सुरू आहे. गंमत म्हणजे उन्हानं मरणं ही ज्याची जुनी खूण समजली जाते, तो स्टोकरचा सरदार कादंबरीत भर दिवसा रस्त्यावर फिरतो. उन्हात तो मरू लागला 1922 च्या ‘नॉस्फेराटू’ या मूकपटापासून. 1976 मध्ये अ‍ॅन राइसनं त्याला पश्चात्ताप दिला, 2005 मध्ये स्टेफनी मायरनं त्याची कातडी उन्हात हिऱ्यासारखी चमकवली आणि त्याला जनावरांच्या रक्तावर ठेवलं. दर पिढीनं त्याला थोडं थोडं माणसात आणलं.

मराठीत नारायण धारपांनी स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ आपल्या मातीत रुजवून ‘लुचाई’ लिहिली. ती मी एका रात्रीत वाचली, कंदिलाची काच काळी पडेपर्यंत. तेवढी भीती मला पुन्हा कुठल्या पुस्तकात भेटली नाही. धारपांच्या हाताची ती ताकदच. तरी पहाटे पुस्तक मिटताना एक चुटपुट राहिली : रात्रभरात मला कुणी काही विचारलं नव्हतं.

आदित्य सरपोतदारांच्या 2025 च्या ‘थामा’त बेताळांना सुळे आहेत, पण माणसाचं रक्त त्यांनी वर्ज्य केलेलं आहे. पडद्यावर ते नवं वाटलं. मला मात्र त्यात आपल्या घरचीच खूण दिसली.

कारण कोकणात हा प्राणी केव्हाच झाडावरून उतरला आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला तो श्री देव वेतोबा आहे : उंचापुरा, हातात तलवार, गावचा राखणदार. नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्रभर तो शिवारात गस्त घालतो आणि त्यानं चपलांचे तळ झिजतात, अशी श्रद्धा. गोव्यात आमोण्याला, लोलयेला तोच बेताळ म्हणून उभा आहे. रक्त पिणाऱ्याला सज्जन करायला तिकडच्या कादंबऱ्यांना शंभर वर्षं लागली. इकडे लोकांनी त्याला चपला करून घातल्या आणि पहाऱ्याला लावलं.

आजीला वाशिमच्या पलीकडे फारसं जायला मिळालं नाही. आरवलीला मी एकटाच गेलो. त्या चपला माझ्या हातभर लांब होत्या. त्यांच्यापुढे उभा असताना भीती नव्हती, आणि मनात आलं की इतकी वर्षं यानंच विचारलंय, आज आपण विचारावं : बाबा, त्या फांदीवरून इथवर चालत यायला तुला किती रात्री लागल्या?